लंबकर्ण सामुराई आणि त्याचे कारागीर

गेल्या दिवाळीच्या सुटींतली गोष्ट. दुपारचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी जराशी टेकली होती. आमचा नातू एका जाड पुस्तकांत इतका गढून गेला होता कीं चिवड्याची बशी पुढें आली तरी त्यानें मान वर केली नाहीं. शेवटीं त्याच्या आजीनें कुतूहलानें डोकावून पाहिलें आणि ती चकित होऊन म्हणाली, "अरे, हा तर ससा! आणि सशाच्या कमरेला दोन दोन तलवारी?"

"आजी, तो नुसता ससा नाहीं, सामुराई आहे," नातू गंभीरपणें म्हणाला. "त्याचा धनी लढाईंत मेला. म्हणून तो एकटाच गांवोगांव हिंडतो."

"धनी नाहीं? मग त्याला पोसतो कोण?"

या व्यवहारी प्रश्नावर सारे हंसले, मीही हंसलों. नातवाला मात्र उत्तर सुचेना. मागाहून तें पुस्तक मीं स्वतः हातीं घेतलें, मग दुसरें घेतलें, मग त्याच्या कर्त्याविषयीं जें मिळेल तें वाचलें. आणि असें दिसून आलें कीं आजीचा प्रश्न त्या सशापुरता नव्हताच. ज्या माणसानें तो ससा काढला त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या साऱ्या आयुष्याचा तोच प्रश्न होता.

पुस्तकाचें नांव ‘उसागी योजिम्बो’. जपानी भाषेंत ‘उसागी’ म्हणजे ससा व ‘योजिम्बो’ म्हणजे अंगरक्षक. या चित्रकथेचे लेखक आणि चित्रकार स्टॅन साकाई हे अमेरिकेंत वाढलेले जपानी वंशाचे गृहस्थ. १९८४ सालीं तिचा पहिला भाग प्रसिद्ध झाला, आणि चाळीस वर्षें होऊन गेलीं तरी ती संपलेली नाहीं. तिचे पस्तीसांहून अधिक खंड निघाले आहेत. काळ सतराव्या शतकाच्या आरंभींचा, देश जपान, आणि माणसांच्या जागीं ससे, मांजरें, गेंडे, बोकड. पंचतंत्र आणि हितोपदेश ज्या घरांत वाचले गेले त्या घरांतील माणसांस बोलत्या सशाचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. नवल आहे तें निराळ्याच गोष्टीचें.

काम पांचांचें, मालकी सहाव्याची

अमेरिकेंतील चित्रकथांचा धंदा कसा चालत आला आहे हें थोडें समजून घेतलें पाहिजे. तेथें मासिक अंक म्हणजे बहुधा एका माणसाची कृति नसते. एकजण गोष्ट लिहितो. दुसरा ती पेन्सिलीनें चित्रांत आखतो. तिसरा त्या रेघांवर शाई फिरवितो. चौथा पात्रांच्या तोंडीं असलेले शब्द फुग्यांत सुबक अक्षरांनीं लिहितो, आणि पांचवा रंग भरतो. लग्नघरच्या स्वयंपाकासारखें हें आहे: कोणी भाजी चिरावी, कोणी फोडणी द्यावी, कोणी वाढावें. फरक एवढाच कीं लग्नघरीं राबणारीं माणसें त्याच घरचीं असतात. या धंद्यांत राबणाऱ्यांचें पानांमागें मोल ठरलेलें असे, आणि तें हातावर पडलें कीं पात्र, कथा व पुढची सारी मिळकत प्रकाशकाची.

याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘सुपरमॅन’. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनीं निर्माण केलेल्या या पात्राचे सर्व हक्क १९३८ सालीं १३० डॉलरांस विकले गेले. तें पात्र जगभर गेलें. त्यावर चित्रपट निघाले, खेळणीं निघालीं. जनकांस मात्र कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या, आणि १९७५ सालीं बराच बोभाटा झाल्यावर कोठें त्यांना वार्षिक तनखा मिळूं लागला. तेव्हां दोघेही साठीस पोंचले होते.

पुढच्या पिढीच्या कारागिरांनीं हें डोळ्यांपुढें घडतांना पाहिलें होतें. त्यांतले सर्जिओ आरागोनेस हे एक. जन्मानें स्पेनचे, वाढलेले मेक्सिकोंत, आणि १९६२ सालीं न्यूयॉर्कला आलेले. ‘मॅड’ या विनोदी मासिकाच्या समासांत इवलीं इवलीं चित्रें काढून त्यांनीं मोठी कीर्ति मिळविली. त्यांच्या मनांत ‘ग्रू’ नांवाचा एक मठ्ठ पण तलवारींत अजिंक्य असा भटक्या योद्धा घोळत होता. परंतु पात्राचा हक्क आपणाकडेच राहील असा त्यांचा आग्रह, आणि तें मान्य करील असा प्रकाशक मिळेना. म्हणून तो योद्धा कित्येक वर्षें कागदांतच पडून राहिला. अखेर १९८२ सालीं ‘डिस्ट्रॉयर डक’ नांवाच्या अंकांत तो प्रथम लोकांपुढें आला. तो अंक काढण्याचें कारणच बोलकें आहे. स्टीव्ह गर्बर या लेखकानें आपण निर्मिलेल्या पात्राच्या हक्कासाठीं ‘मार्व्हल’ या बलाढ्य संस्थेवर दावा लावला होता, आणि त्या दाव्याच्या खर्चासाठीं त्याच्या व्यवसायबंधूंनीं मिळून तो अंक काढला होता.

चौघांचें बिऱ्हाड

ग्रूच्या पानांवर वर्षानुवर्षें चार नांवें एकत्र दिसतात. कथा व चित्रें आरागोनेस यांचीं. संवादांना घाट देण्याचें काम मार्क इव्हानियर यांचें. रंग टॉम लूथ यांचे. आणि फुग्यांतील अक्षरें स्टॅन साकाई यांचीं.

होय, सशाचा कर्ता प्रथम अक्षरें काढणारा होता. चित्रकथेच्या धंद्यांत हें काम सर्वांत दुर्लक्षित. अक्षर चांगलें असेल तर वाचकाला तें दिसतही नाहीं. वाईट असेल तेवढेंच दिसतें. साकाई यांचा जन्म १९५३ सालीं क्योटो येथें झाला. वडील अमेरिकन सैन्यांतले, आई जपानी. बालपण हवाई बेटांत गेलें. तेथें घराजवळच्या चित्रगृहांत जपानी सामुराईंचे बोलपट लागत, आणि हा मुलगा ते पाहून घरीं येई. हवाईच्या विद्यापीठांत चित्रकलेचें शिक्षण घेऊन ते कॅलिफोर्नियांत आले आणि मिळेल तें अक्षरांचें काम करूं लागले. ग्रू तर होताच. शिवाय वर्तमानपत्रांत दर रविवारीं येणाऱ्या ‘स्पायडर-मॅन’च्या पट्टीचीं अक्षरेंही त्यांनीं वर्षानुवर्षें काढलीं. स्वतःचें पात्र जगभर गाजूं लागल्यावरही त्यांनीं हें काम टाकलें नाहीं. १९९६ सालीं अमेरिकेंतील चित्रकथांचा प्रतिष्ठेचा आयस्नर पुरस्कार त्यांना मिळाला, तो अक्षरांसाठींच.

आजीच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर येथें आहे. धनी नसलेल्या सशाला प्रथम पोसलें तें दुसऱ्यांच्या शब्दांना वळण देणाऱ्या या हातानें. दिवसा पराव्या कथेचीं अक्षरें काढावीं आणि त्या मिळकतीवर आपली कथा कोणाला न विकतां जपावी, असा हा सरळ हिशेब होता.

कानांची शेंडी

साकाई यांच्या मनांत आरंभीं ससा नव्हताच. जपानच्या इतिहासांतील प्रख्यात तलवारबहाद्दर मियामोतो मुसाशी याच्या जीवनावर चित्रकथा करावी असा त्यांचा बेत होता. हा मुसाशी सतराव्या शतकांत होऊन गेला. दोन्ही हातांत तलवारी घेऊन लढण्याची त्याची पद्धति होती, आणि उतारवयांत त्यानें शस्त्रविद्येवर ग्रंथही लिहिला. त्याच्यासाठीं कच्चीं चित्रें काढतां काढतां एकदां साकाई यांनीं गंमत म्हणून एक ससा काढला, आणि त्याचे लांब कान डोक्यावर एकत्र बांधून सामुराईच्या शेंडीसारखे दाखविले. तें चित्र त्यांना इतकें आवडलें कीं मुसाशी मागें राहिला आणि ‘मियामोतो उसागी’ पुढें आला. प्रथम तो दुसऱ्याच एका कथेंत दुय्यम पात्र म्हणून यावयाचा होता. पण १९८४ च्या नोव्हेंबरांत ‘आल्बेडो’ या लहानशा मासिकाच्या दुसऱ्या अंकांत तो स्वतःच नायक होऊन उतरला.

नायकाचा धनी मिफुने रणांत पडला आहे, आणि जपानी भाषेंत ज्याला ‘रोनिन’ म्हणतात तसा तो स्वामिहीन योद्धा झाला आहे. ‘मिफुने’ हें नांव सामुराईंच्या भूमिका गाजविणाऱ्या तोशिरो मिफुने या नटावरून घेतलेलें. बालपणीं पडद्यावर पाहिलेल्या धन्याला हें लहानसें वंदनच म्हणावें.

आरंभींची पुष्कळ वर्षें ही कथा काळ्या शाईंतच निघाली. गोष्ट, पेन्सिल, शाई आणि अक्षरें, चारही कामें साकाई यांचीं. महिन्याकाठीं वीस-चोवीस पानें. मुखपृष्ठाचे आणि प्रसंगोपात्त निघणाऱ्या रंगीत अंकांचे रंग मात्र बहुधा टॉम लूथ यांचे, म्हणजे ग्रूच्याच बिऱ्हाडांतले. पाठ केलेली पाटी दुसऱ्याला पुसूं न देणाऱ्या, पण मित्रानें खडू पुढें केला तर आनंदानें घेणाऱ्या मुलासारखें हें होतें.

इतिहासाचें ऋण

तलवारींच्या गोष्टी म्हटल्या कीं आईबापांच्या कपाळाला आंठी पडते, आणि तें योग्यच आहे. परंतु या पुस्तकांत मारामारी असली तरी रक्ताचा बटबटीतपणा नाहीं. एखादें पात्र पडलें कीं त्याच्या तोंडाजवळच्या फुग्यांत शेवटचा शब्द म्हणून एक लहानशी कवटी उमटते, बस्स. त्याहून अधिक दाखविण्याची चित्रकाराला गरज वाटत नाहीं.

दाखविण्याची खरी हौस त्यांना निराळ्या गोष्टींची आहे. ‘पतंगाची गोष्ट’ नांवाच्या कथेंत एका उत्सवासाठीं प्रचंड पतंग कसा बनवितात, बांबूचा सांगाडा कसा बांधतात, कागद कसा चढवितात, त्यावर चित्र कसें रंगवितात हें पानामागून पान शांतपणें येतें; तलवार पुढें, आधीं कारागीर. अशा प्रकारें माहिती व दंतकथा यांची कुशल गुंफण केल्याबद्दल १९९० सालीं त्यांना अमेरिकेंतील पालकांच्या पसंतीचा ‘पॅरेंट्स चॉइस’ पुरस्कार मिळाला.

पात्रांचीं मुळेंही इतिहासांत रुजलेलीं आहेत. तोमोए आमे ही शूर मांजरी बाराव्या शतकांतील वीरांगना तोमोए गोझेन हिच्यावरून आलेली. उसागीबरोबर हिंडणाऱ्या जोतारो या बालकाचें नांव योशिकावा यांच्या १९३५ ते १९३९ या काळांत क्रमशः निघालेल्या ‘मुसाशी’ कादंबरींतल्या शिष्याचें. गुन्ह्यांचा छडा लावणारा इशिदा हा तर हवाईंतल्या होनोलुलू शहरीं होऊन गेलेल्या चांग अपाना या खऱ्या पोलिस अंमलदारावर बेतलेला; म्हणजे चित्रकारानें आपल्या बालपणच्या गांवचा एक माणूस जपानांत नेऊन बसविला.

या सर्वांत मोठी कथा ‘ग्रासकटर’, म्हणजे ‘तृणच्छेदी’ तलवार. जपानच्या राजघराण्याचीं तीन दैवी चिन्हें मानतात: आरसा, रत्न आणि ‘कुसानागी’ नांवाची तलवार. ११८५ सालीं दान्-नो-उरा येथें झालेल्या आरमारी लढाईंत पराभव दिसूं लागतांच बालसम्राट अंतोकु याला त्याच्या आजीनें उराशीं धरून समुद्रांत उडी घेतली, आणि त्याच वेळीं ती तलवार पाण्यांत गेली असें परंपरा सांगते. साकाई यांनीं कल्पना केली ती अशी: चार शतकें लोटल्यावर ती वर आली तर? ज्याच्या हातीं ती, त्याला सम्राटाच्या नांवानें बंड उभारतां येईल, आणि नुकता कोठें शांत झालेला देश पुन्हां पेटेल. उसागीच्या हातीं ती येते तेव्हां तो ती कोणाच्याही पक्षाला देत नाहीं. अखेर ती अत्सुता येथील देवळांत पोंचविण्याचा निश्चय होतो. नागोया शहरांतील तें देवस्थान खरोखरीचें आहे, आणि त्या तलवारीचें म्हणूनच तें पूजिलें जातें. १९९९ सालीं या कथेला उत्कृष्ट क्रमशः कथेचा आयस्नर पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या शेवटीं साकाई यांनीं ऐतिहासिक टिपा जोडल्या आहेत. मुलगा गोष्टीसाठीं पुस्तक उघडतो आणि टिपांपाशीं येऊन थांबतो, हें मीं आमच्याच घरीं पाहिलें.

परक्यासाठीं काम करण्याचेंही त्यांना वावडें नव्हतें. १७०१ सालीं धन्यास आत्महत्येची शिक्षा झाली म्हणून त्याचा सूड घेणारे सत्तेचाळीस रोनिन जपानांत घरोघर माहीत आहेत. त्यांची कथा माईक रिचर्डसन यांनीं लिहिली आणि २०१२-१३ मध्यें साकाई यांनीं ती चित्रित केली. यांत प्राणी नाहींत, माणसेंच आहेत. सल्लागार होते ‘लोन वुल्फ अँड कब’ या गाजलेल्या जपानी चित्रकथेचे लेखक काझुओ कोइके. याच कोइके यांच्या पितापुत्रांची थट्टा साकाई यांनीं पूर्वीं उसागीच्या कथेंत केली होती: लांडग्याऐवजीं बोकड आणि त्याचें करडूं!

पांच घरें, एक मालक

हक्क स्वतःकडे ठेवण्याचा अर्थ काय, हें उसागीच्या प्रवासावरून कळतें. १९८७ पासून १९९३ पर्यंत तो ‘फँटाग्राफिक्स’कडे होता. मग ‘मिराज’कडे गेला; दोघां मित्रांनीं स्वतःच्या हिंमतीवर छापलेल्या ‘निंजा कांसवां’च्या यशांतून उभी राहिलेली ती संस्था. तें बिऱ्हाड १९९५ सालीं आटोपलें. १९९६ पासून २०१८ पर्यंत ‘डार्क हॉर्स’. २०१९ मध्यें ‘आयडीडब्ल्यू’. तेथें नियमित अंक रंगांत निघूं लागला. आणि २०२३ पासून साकाई यांनीं ‘डोगू’ या स्वतःच्या नांवाखालीं, डार्क हॉर्सच्या साह्यानें, आपलें घर मांडलें.

प्रत्येक मुक्कामीं प्रकाशक बदलला, छपाई बदलली. ससा मात्र ज्याचा होता त्याचाच राहिला. हक्क प्रकाशकाकडे असता तर एक दुकान बंद पडतांच कथाही तेथेंच संपली असती, किंवा दुसऱ्याच कोणाच्या हातानें पुढें चालली असती. भाड्याच्या घरांतून दुसऱ्या घरीं जातांना माणूस देव्हारा बरोबर घेतो, तसें हें आहे. परंतु याची किंमतही आहे. ठराविक पगार नाहीं. हात दुखला, घरांत आजारपण आलें, तर पानें थांबतात आणि पानांबरोबर मिळकतही थांबते.

ऋणाची फेड

आणि तसेंच घडलें. साकाई यांच्या पत्नी दीर्घ दुखण्यानें अंथरुणाला खिळल्या. अमेरिकेंत औषधोपचाराचा खर्च मध्यम स्थितीच्या माणसाला बुडविणारा असतो, आणि कोणत्याही कंपनीचा चाकर नसलेल्या कारागिराच्या पाठीशीं कंपनीचा आधारही नसतो. ‘त्याला पोसतो कोण?’ हा आजीचा प्रश्न आतां हंसण्यासारखा राहिला नव्हता.

उत्तर आलें तें बिऱ्हाडांतून. १९७७ सालीं लॉस एंजेलिसच्या बाजूस चित्रकथाकारांची एक मंडळी स्थापन झाली होती; तिच्या संस्थापकांत आरागोनेस आणि इव्हानियर हे दोघे होते. या मंडळीनें देशोदेशींच्या चित्रकारांना साद घातली: प्रत्येकानें आपल्या हातानें उसागीचें एक चित्र काढून पाठवावें. शंभरांहून अधिक जणांनीं चित्रें पाठविलीं. त्यांत बड्या कंपन्यांच्या वीरपुरुषांचीं चित्रें काढणारे होते, आणि चार पानांचीं हस्तपत्रकें काढणारेही होते. मूळ चित्रांचा लिलाव झाला, आणि २०१४ सालीं उसागीच्या तीस वर्षांच्या निमित्तानें त्या चित्रांचें पुस्तक डार्क हॉर्सनें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षाच्या अखेरीस साकाई यांच्या पत्नी वारल्या. पैसा मृत्यूला अडवूं शकला नाहीं. पण त्या दिवसांत नवऱ्याला शुश्रूषा सोडून कर्जाची चिंता एकट्यानें वाहावी लागली नाहीं, हें थोडें नव्हे.

१९८२ सालीं एका लेखकाच्या हक्कासाठीं कारागीर एकत्र आले, त्या अंकांतून ग्रू बाहेर पडला. ग्रूच्या अक्षरांवर उसागी वाढला. आणि तीस वर्षांनीं तेच हात उसागीच्या घरासाठीं पुढें आले. या व्यवहाराचा कोठेंही करारनामा नव्हता. चित्रकथेच्या पहिल्या पानावर नांवें छापतात, तीं आपण न वाचतांच उलटतों. त्या ओळींत कोणी किती काम केलें तेवढेंच असतें. कोण कोणाच्या अडीअडचणीला उभें राहिलें हें त्यांत लिहिलेलें नसतें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हां लोकांना स्वतंत्र वृत्तीच्या माणसाविषयीं एक शंका नेहमीं असते, कीं जो कोणाच्या हाताखालीं राहत नाहीं तो अखेर एकटा पडतो. साकाई आणि त्यांचे सोबती यांची हकीकत वाचून मला वाटलें, कीं चाकरी न पत्करणें आणि सोबत न पत्करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली त्यांनीं कटाक्षानें पाळली. दुसरीच्या वाटेस ते गेले नाहींत.

हें सारें मीं एके संध्याकाळीं घरांत वाचून दाखविलें. नातवानें सशाच्या लढाया आणखी सविस्तर सांगाव्या म्हणून तक्रार केली. त्याची आजी मात्र शेंगा सोलतां सोलतां सर्व लक्षपूर्वक ऐकत होती. आजारपणाचा भाग आला तेव्हां तिचे हात क्षणभर थांबले. वाचून संपल्यावर ती उठली, आंत गेली, आणि पदराला हात पुसत बाहेर येऊन नातवाला म्हणाली,

"पुढचा भाग केवढ्याला मिळतो रे? मागव. पैसे मी देतें."